प्रयोगशाळेतला पशुवैद्यक ही चैन नव्हे

संपादक महाशय,

कर्करोग संशोधनातल्या उंदरांसाठी पशुवैद्यक ठेवणे ही चैन, हे गेल्या अंकातील लेखाचे म्हणणे टिकणारे नाही. उंदीर शेवटी मारायचाच, मग तब्येत कशाला जपायची, असा लेखकाचा सवाल. पण उंदीर भलत्याच रोगाने खंगला तर औषधाचा गुण मोजणार कसा? सिडनीच्या सेंटेनरी इन्स्टिट्यूटमध्ये प्रतिकारशक्ती दुबळी असलेले उंदीर मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होते. त्यामागचा पार्व्होविषाणू २०१८ साली उजेडात आला. अशा उंदरांवर नवे औषध चालू असते, तर खापर औषधावरच फुटले असते. माउस हेपॅटायटिस विषाणू तर प्रौढ, धडधाकट उंदरात बहुधा लक्षणेही दाखवत नाही. म्हणून वेगळे पहारेकरी उंदीर ठेवतात, त्यांच्या पिंजऱ्यात इतरांखालचा मळका भुसा टाकतात आणि ठरावीक काळाने त्यांचे रक्त तपासतात. विस्कटलेली लव, काढलेले कुबड, अर्धवट मिटलेले डोळे हे मात्र रोज पाहणाऱ्यालाच कळते. वार्षिक तपासणी पुरे, हा लेखातला सल्ला त्यामुळे निरुपयोगी.

हे सारे ऐच्छिक असल्याचा लेखाचा सूर तर चुकीचाच. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखालील प्रयोगांचे नियम १९९८ चे. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीत पशुवैद्यक असावाच लागतो. खर्च होतो, हे खरे. पण फसलेला प्रयोग पुन्हा करायला पैसे आणि उंदीर दोन्ही नव्याने लागतात. तो हिशेब लेखकाने आधी मांडावा.

कळावे,
एक वाचक, नवी मुंबई