जीर्णोद्धार कीं नवी घडण?

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस आम्ही कपिलधार येथें श्रीमन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास गेलों होतों. परततांना मांजरसुंब्यास आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तो आतां मोटारींच्या बॉडी बांधतो. त्याच्या शेडमध्यें सन १९५३ ची शेव्हरोले पिकअप उभी होती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस कारखाना काढिला; १९५४ पर्यंत तेथें शेव्हरोले गाड्या जोडल्या जात.

मालकांचें म्हणणें, केबिन मागें हातभर वाढवावी; म्हणजे वृद्ध मातोश्रींस पुढील यात्रेस आंत निजवून आणतां येईल. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मातेची सेवा आहे, शिवाय माझा हा मंदीचा महिना. नाहीं कसें म्हणूं?"

आम्हीं त्यासच काम समजावून सांगावयास लाविलें. चासी व केबिन निराळ्या असतात. केबिन रबराच्या गाद्यांवर बसते, म्हणून खड्ड्यांत चासी पिळवटली तरी पत्र्यास ताण कमी पोंचतो. मागची भिंत कापली कीं ही पेटी ढिली पडते व दारें बसेनाशीं होतात. म्हणून आधीं आंतून आडवे दांडे जोडून दारांच्या फटी मोजून ठेवाव्या लागतात. वेल्डिंग सलग न करितां दूरदूर टाके घालावे, नाहींतर पत्रा उष्णतेनें वांकतो. शिवाय या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्यें आसनामागेंच! रिकामी टाकीही आंतील वाफेमुळें ठिणगीनें फुटते.

कायद्याची गोष्ट निराळीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं न जुळणारा बदल सामान्यतः वर्ज्य आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ मध्यें तेंच सांगितलें. १९२१ नव्हे, २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील व मूळ रूपांत राखलेल्या गाडीस 'व्ही. ए.' मालिकेंत नोंदतां येतें. पण ती रोजच्या वापरास नव्हे. एकदां केबिन कापली कीं हा मानही गेला.

"हें सारें मालकांस सांग," आम्ही म्हणालों. त्यानें सांगितलें. मालक रुष्ट झाले. मातोश्री मात्र हंसून म्हणाल्या, "मी आजवर एस. टी.नेंच आलें. गाडी आहे तशीच असूं द्या. तुमचे वडील तींत बसत."

विद्यार्थ्यास गंज काढून रंग देण्याचेंच काम मिळालें. मजुरी थोडी, पण निजावयास निर्धास्त. वाचकहो, जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालें तें सांवरणें. त्याचें दुसरेंच कांहीं करणें नव्हे. घरांतील जुन्या वस्तूंस व माणसांस हात लावितांना एवढें स्मरणांत असावें.