टाळ्या पुरे, मैदान द्या!

बारामतीच्या शर्यतीत 2013 साली साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. शेतमजुरी करणाऱ्या या बाईंना पदकाची हौस नव्हती. नवऱ्याच्या एमआरआय तपासणीसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, 2021 साली राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. सगळ्यांनी जिद्दीचे गोडवे गायले. आम्ही विचारतो, एका तपासणीसाठी मजूर म्हातारीला धावावे लागते, ही तिची जिद्द की व्यवस्थेची बेशरमी?

हुपरीचेच घ्या. चांदीच्या पैंजणांनी देशभर नाव कमावलेले हे गाव. पण चांदीचे काम म्हणजे तासन्‌तास बैठक, मान खाली, नजर बारीक. उतारवयात अशा माणसाला व्यायाम कर म्हटले, तर तो म्हणणारच, “जन्मभर राबलो, आता कसला व्यायाम?” सवाल रास्त आहे. पण राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. मजुरीत एकच अवयव झिजतो आणि तोही दुसऱ्याच्या मर्जीने. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. शिवाय तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम, कारण या वयात पडणे महागात पडते. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग पुरे. छातीत दुखले तर जागीच थांबावे. आणि मधुमेह असलेल्याने करेबाईंचे अनवाणी धावणे मुळीच गिरवू नये. पायाची जखम कळतही नाही.

मधुमेहाने आमचे काय नेले ते समाजाला सांगायला नको. बाबासाहेब गेले तेव्हा अवघे पासष्ट वर्षांचे होते. उलट तथागत ऐंशीव्या वर्षी राजगृहाहून कुसिनाराकडे पायी निघाले होते, आणि चंक्रमण तर भिक्खूंच्या नित्यक्रमातच होते. विहारात वंदना झाल्यावर उपासक-उपासिकांनी अर्धा तास मिळून चालायला कोणाची परवानगी लागते?

चालायचे कुठे, हा मात्र खरा प्रश्न. मैदान आमच्या माणसाला सहजी कधी मिळालेच नाही. पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण पुण्याच्या मैदानावर त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग उभारले. याच हातकणंगले तालुक्यात, माणगावला, 1920 साली त्यांनी बाबासाहेबांना समाजाचे पुढारी म्हणून पुढे आणले. त्या तालुक्यातल्या हुपरी नगरपरिषदेकडे आमची मागणी मोठी नाही. वस्तीलगत सपाट, दिवे असलेली चालण्याची वाट, बायांसाठी स्वच्छतागृह, आणि महिन्यातून एकदा तिथेच रक्तदाब व साखरेची मोफत तपासणी. ज्येष्ठांच्या स्पर्धा भरवायच्या तर प्रवेश फी नको, आणि धावण्याआधी डॉक्टर हवा. येत्या अंदाजपत्रकात यासाठी वेगळी रक्कम दिसते का, ते वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी सभागृहात जाऊन विचारावे.