विश्लेषण : जेट्टीवर धडधडणारं इंजिन भर समुद्रात दम का सोडतं?

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी संपली की पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी पुन्हा समुद्रात उतरतात. ससून डॉक असो, हर्णै असो की मिरकरवाडा, सगळीकडे बर्फ, डिझेल आणि जाळी भरण्याची लगबग असते. दोन महिने बंद असलेलं इंजिन एका झटक्यात सुरू होतं, तांडेल निर्धास्त होतो. खरी अडचण मात्र किनारा मागे पडल्यावर, जाळं ओढताना किंवा लाटा कापताना समोर येते. वेग वाढवायला जावं तर इंजिन गुदमरतं.

जेट्टीवर दोष का कळत नाही?

कारण तिथे इंजिनावर भारच नसतो. पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे दुप्पट केले, तर ताकद जवळपास आठपट लागते. त्यासाठी डिझेल आणि हवाही त्याच हिशेबाने जास्त हवी. अर्धवट तुंबलेला फिल्टर गिअर न टाकता चालणाऱ्या इंजिनाला पुरतो, भार आला की तोच गळा आवळतो.

बंदीच्या काळात काय बिघडतं?

टाकी अर्धी रिकामी असेल, तर पावसाळ्यातल्या दमट हवेतलं पाणी आतल्या भिंतींवर साचतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जातं. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात, तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि चिकट गाळ तयार होतो. बोट शांत उभी असेपर्यंत तो तळाशीच राहतो. पहिल्याच मोठ्या लाटांत तो ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबवतो. म्हणूनच ताकदीची सर्वाधिक गरज असते, नेमकं तेव्हाच इंजिन दगा देतं.

धुराचा रंग काय सांगतो?

• काळा धूर : डिझेल पुरेसं आहे, पण हवा कमी पडतेय किंवा भार जास्त झालाय. पंख्यात अडकलेलं जाळं किंवा दोर, बोटीच्या तळाला चिकटलेला शंख-शिंपल्यांचा थर, एअर फिल्टर आणि टर्बो तपासावेत.
• धूर नाही, तरी ताकद नाही : बहुतेकदा डिझेलच पोहोचत नाही. फिल्टर, पाणी वेगळं करणारा भाग, टाकीची हवा घेणारी नळी आणि हवा ओढणारे सैल जोड पाहावेत.
• पांढरा धूर : डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय.
• निळसर धूर : इंजिन ऑइल जळतंय.

मग थेट इंजिन खोलायचं का?

नाही. आधी स्वस्त आणि सोपं तपासायचं: पंखा, फिल्टर, नळ्या, हवा. फ्युएल पंप आणि इंजेक्टरची पाळी त्यानंतर. अनेकदा फिल्टर बदलण्याच्या खर्चात सुटणाऱ्या दोषासाठी उलट क्रमाने गेलं, तर हजारो रुपये जातात आणि दोष तसाच राहतो.

हा फक्त खर्चाचा प्रश्न आहे का?

ऑगस्टमध्ये बंदी संपते, पाऊस नाही. ताकद गेलेली बोट लाटांना नाक देऊ शकत नाही. ती आडवी होते आणि लाटा बाजूने आदळू लागतात. तेव्हा प्रश्न बोटीवरच्या प्रत्येक खलाशाच्या जिवाचा असतो. अशा वेळी व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या टोल फ्री क्रमांकावर मदत मागता येते.

त्याआधीचा उपाय किनाऱ्यावरच आहे. टाकीच्या तळाचं पाणी काढणं, फिल्टर बदलणं, जास्तीचे फिल्टर सोबत ठेवणं आणि पहिल्या फेरीआधी बंदराजवळच गिअर टाकून पूर्ण वेगाने बोट चालवून पाहणं. इंजिन सुरू होणं आणि ते भार पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची परीक्षा किनारा दिसत असतानाच घेतलेली बरी.