गुडघेदुखी आणि गुग्गुळ



पावसाळ्यात पेडणे-डिचोलीच्या वाड्यांवर गुडघेदुखीच्या तक्रारी वाढतात. चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या माता रात्री पाय चोळीत बसतात. मग कोणी शेजारीण प्रेमाने सांगते, "गुग्गुळाच्या गोळ्या घे. झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय नाही." हे प्रेम खरे, परंतु हा समज घातक आहे.

गुग्गुळ हा राजस्थान व कच्छच्या रुक्ष भूमीत वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा डिंक. बाळ येशूला अर्पण केलेला गंधरस याच्याच जातकुळीतील. वैद्य तो त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गाईच्या दुधात शुद्ध करून मगच औषधात घालतात. यास्तव धूप घालण्यासाठी आणलेला गुग्गुळ कदापि पोटात घेऊ नये.

लहान अभ्यासांत सांधेदुखीला यामुळे उतार पडल्याचे दिसले आहे. भक्कम पुरावा अद्याप तोकडाच आहे. मात्र ज्याचा गुण येतो, त्याचा अवगुणही येऊ शकतो. डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल ही हृदयविकार आणि रक्तदाबावरील औषधे गुग्गुळामुळे अंगी कमी लागतात. रक्त पातळ करणारी किंवा थायरॉइडची गोळी चालू असल्यास विशेष जपावे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी तो घेऊच नये. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्या काहींच्या अंगावर पुरळ उठले होते.

नावांचाही घोटाळा होतो. योगराज गुग्गुळ निराळा आणि महायोगराज निराळा. दुसऱ्यात शिसे, पारा इत्यादी धातूंपासून सिद्ध केलेली द्रव्ये असतात. दुकानात "तसलाच द्या" म्हणून मागणे योग्य नव्हे.

पेडण्यातील धारगळ येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे उद्घाटन झाले. तेव्हा जाणत्या वैद्याचा सल्ला आता दूर राहिलेला नाही. जाताना घरात चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात आणि गुग्गुळ सुरू केल्यावर तसे आपल्या डॉक्टरांनाही सांगावे. दोघांपासून काहीही लपवू नये.

सांधा लाल व गरम होऊन ताप आला, तर प्रथम डॉक्टरांकडेच जावे. औषध घेताना पुरळ उठले, जुलाब लागले, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठावा. आणि शेजारणीला आपली उरलेली पुडी देऊ नये. तिला वैद्याचे नाव द्यावे.