तक्त्यात नसलेला रकाना

या ऑक्टोबरात मला जेवढा मान मिळतोय तेवढा स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता. रोज कुणीतरी दार वाजवतं, फोनवर दिवसाला पाच-सहा मेसेज येतात. कारण एवढंच, की मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते आणि ट्रम्प की हॅरिस हे माझं अजून ठरलेलं नाही. नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला कुणी विचारत नाही. तिथला निकाल सगळ्यांनी गृहीत धरलाय. पेनसिल्व्हेनियाची २० इलेक्टोरल मतं मात्र २०१६ साली जेमतेम ४४ हजारांच्या फरकाने फिरली होती.

मी २०२१मध्ये नागरिक झाले. अध्यक्ष निवडायची ही माझी पहिलीच वेळ.

'अजून ठरलं नाही' म्हटलं की लोक एक तर हसतात, नाहीतर तक्ता पाठवतात. हसणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. माझा राग आहे तो तक्त्यावर. डावीकडे ट्रम्प, उजवीकडे हॅरिस, मधे कर, गर्भपात, स्थलांतर, ऊर्जा. नवा फोन घेताना आपण बॅटरी आणि कॅमेरा ताडून बघतो, अगदी तसं. मी असे तीन तक्ते वाचले आणि तिन्ही वाचून आधीपेक्षा जास्त गोंधळले.

फ्रॅकिंगचंच बघा. खडक फोडून वायू काढायची ही पद्धत. वायूच्या उत्पादनात टेक्सासनंतर आमचंच राज्य, त्यामुळे बेसबॉलच्या मॅचमधल्या दर दुसऱ्या जाहिरातीत तेच. हॅरिस २०१९मध्ये बंदी हवी म्हणाल्या, आता नको म्हणतात. पण इथल्या बहुतेक विहिरी खाजगी किंवा राज्याच्या जमिनीवर आहेत, आणि तिथे बंदी घालणं कुठल्याच अध्यक्षाच्या एकट्याच्या हातात नाही. त्याला काँग्रेसने कायदा करावा लागतो. टिपवरचा कर रद्द करायचं ट्रम्पनी जूनमध्ये जाहीर केलं, हॅरिसनी ऑगस्टमध्ये. तोही विषय काँग्रेसचाच. पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलर देण्याचं हॅरिस यांचं वचनही तसंच.

उलट, स्टीलवर २५ टक्के आयातशुल्क ट्रम्पनी २०१८मध्ये काँग्रेसचं मत न घेता लावलं. २०१७चा प्रवासबंदीचा हुकूम शपथविधीनंतर आठवड्याभरात निघाला. भिंतीसाठी मात्र पैसा लागत होता, तो काँग्रेस देईना, म्हणून सरकार ३५ दिवस अंशतः बंद पडलं. बायडन यांची शैक्षणिक कर्जमाफी तर सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये मोडीत काढली. तक्त्यात या सगळ्यांना एकाच मापाचा चौकोन मिळतो. सहीने होणारी गोष्ट आणि नुसती बोलायची गोष्ट शेजारी शेजारी, एकाच टायपात. मग आमच्यासारख्यांचं ठरणार कसं?

माझा मामेभाऊ इथून दहा मिनिटांवर राहतो. दादा एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. कोणत्याही एका देशाला दरवर्षी ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, हा १९९०चा कायदा. त्याच्या रांगेत २०२४च्या ऑक्टोबरात २०१२ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. जूनमध्ये ट्रम्प म्हणाले की इथे पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबर ग्रीन कार्ड मिळावं, तेव्हा दादाने ती क्लिप घरच्या ग्रुपवर तीनदा टाकली. हॅरिस सिनेटर असताना ही मर्यादा काढणाऱ्या विधेयकाच्या सहप्रायोजक होत्या, ती बातमीही त्याने टाकली. विधेयकाचा कायदा काही झाला नाही.

वहिनीने मात्र वेगळंच विचारलं. "माझ्या वर्क परमिटचं कोण काय म्हणतंय?"

मी तिन्ही तक्ते उघडले. कुठेच काही नव्हतं.

वहिनी एच-४वर आहे. तिच्यासारख्यांना नोकरी करता येते ती २०१५च्या एका सरकारी नियमामुळे. त्यावर काँग्रेसमध्ये मतदान झालेलं नाही. ट्रम्प प्रशासनाने तो मागे घ्यायचं ठरवलं होतं, प्रस्ताव चार वर्षं लटकला आणि बायडन आल्यावर जानेवारी २०२१मध्ये बारगळला. ती चार वर्षं वहिनीने बढती नाकारत काढली, कारण नोकरी टिकेल याची खात्री नव्हती. घराचे हप्ते दोघांच्या पगारावर चालतात. ज्यावर दादा भांडतो ते कुणाच्याच सहीने होणार नाही. ज्यावर त्यांचं घर उभं आहे ते एका सहीने जाऊ शकतं.

मग मी माझाच तक्ता केला. एकच रकाना वाढवला: हे एकट्याच्या सहीने होतं का? निम्म्याहून जास्त ओळी खोडल्या गेल्या. उरलं काय, तर आयातशुल्क, हद्दपारी, न्यायाधीशांच्या नेमणुका आणि खात्यांचे नियम. (नेमणुकांना सिनेटची मान्यता लागते हे खरं. पण ट्रम्पनी नेमलेले तीन न्यायाधीश नसते तर २०२२चा गर्भपाताचा निकाल तसा लागला नसता, म्हणून ती ओळ ठेवली.) ज्यांच्या जाहिराती सर्वांत जास्त, त्याच ओळी आधी गेल्या, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मी स्टीलच्या कारखान्यात कामाला असते तर याच रकान्याने मला उलट उत्तर दिलं असतं. ते चूक ठरलं नसतं. माझं उत्तर वहिनीच्या परमिटपाशी निघालं.

रविवारी दोघं जेवायला आली होती. आठवडाभर फ्रिजवर चुंबकाने लटकलेली मतपत्रिका मी टेबलावर घेतली, हॅरिस यांच्या नावापुढचा गोल काळा केला, आतल्या पाकिटात घातली, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद होतं. दादा काही बोलला नाही. वहिनीने बाहेरचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "सही केलीस, तारीख राहिली बघ."