मूल दोघांचं, तपासणी एकटीचीच का?

मूल होत नसलेल्या बाईसाठी आपल्याकडे एक शब्द आहे. तो मी इथं लिहिणार नाही. ओटी भरताना, बारशाच्या पाळण्यापाशी, हळदीकुंकवाच्या रांगेत तो कितीतरी जणींच्या कानावर पडलेला असतो. आता सांगा, मूल होत नाही म्हणून एखाद्या पुरुषाला कुणी लग्नाच्या मांडवातून बाजूला केलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मी तरी नाही पाहिलं.

बचत गटाच्या कामासाठी पाचोडच्या आसपास माझं फिरणं असतं. बैठक संपते, सह्या होतात, बायका चपला घालू लागतात आणि एखादी हळूच मागं राहते. "ताई, पाच वर्षं झाली लग्नाला, लेकरू नाही." पिशवीतून कागदांची जाड फाईल निघते. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, कुणाची पिशवी साफ केलेली, कुणाची दुर्बिणीतून तपासणी झालेली. शिवाय नवस, उपास, अंगारे वेगळेच. मी विचारते, "आणि मालकांची तपासणी?" ती माझ्याकडं बघतच राहते. "त्यांना काय झालंय? चांगले धडधाकट आहेत की!"

इथंच सगळं घोडं पेंड खातं. धडधाकट असणं, संसार नीट चालणं आणि वीर्यात पुरेसे शुक्रजंतू असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पोतंभर मोसंबी खांद्यावर उचलणाऱ्या माणसाचे शुक्रजंतू कमी असू शकतात. त्याचं नवरेपण त्यानं तसूभरही कमी होत नाही. पण आपल्या लोकांनी 'मर्दपणा' आणि मूल होणं यांची अशी काही गाठ मारून ठेवलीय, की तपासणीचं नाव काढलं तरी माणसाला अपमान झाल्यासारखा वाटतो.

मैत्रिणींनो, डॉक्टर काय सांगतात ते नीट समजून घेऊ. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. कुठं एकट्या त्याचं, कुठं दोघांचं. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी दोघांची एकदमच सुरू व्हायला हवी. बाईचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्याची. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. ना सुई, ना भूल, ना दवाखान्यात मुक्काम. बाईच्या नळ्यांच्या एक्स-रेपुढं ही तपासणी म्हणजे काहीच नाही. तरीही फाईलमधे तिचाच कागद नसतो!

रिपोर्ट खराब आला तरी आभाळ कोसळत नाही. एका रिपोर्टवर निकाल लागत नाही, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज तंबाखू, दारू सोडली तरी त्याचा फायदा दिसायला तेवढा धीर धरावा लागतो. अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या असणं, वयात आल्यावर झालेले गालगुंड, लहानपणी गोटी खाली न उतरणं, जंतुसंसर्ग, हार्मोन्सची गडबड, शुक्रजंतूंची वाट बंद असणं, अशी कितीतरी कारणं असतात. हल्ली जिममधे दंड फुगवायला काही मुलं हार्मोनची इंजेक्शनं घेतात, त्यानंही शुक्रजंतू कमी होतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहेत. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसं?

बरं, पुरुषानं जायचं तरी कुठं? सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग आणि प्रसूतीचा विभाग असतो, गावात आशाताई असते, अंगणवाडी असते. या सगळ्या बाईशी बोलतात. पुरुषाशी कोण बोलतं? बसस्टँडच्या भिंतीवरचा 'गुप्तरोग' हा रंगवलेला बोर्ड आणि 'दर बुधवारी अमुक लॉजवर भेटा' असं छापणारा वैद्य! तिथं हजारोंची पुडी गळ्यात मारतात आणि लाजेपायी माणूस घरी बोलतही नाही. पोटदुखीला आपण गुप्त म्हणत नाही, मग यालाच का म्हणायचं? या आजारांचे शिकलेले डॉक्टर असतात, त्यांना यूरोलॉजिस्ट म्हणतात. छत्रपती संभाजीनगरला घाटीत चौकशी करता येते.

नाण्याची दुसरी बाजूही तशीच. मूल होत नाही तेव्हा दोष बाईचा, आणि मुलं पुरे झाली की ऑपरेशनही बाईचंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं दिसलं. पुरुषाच्या नसबंदीचं प्रमाण होतं 0.3 टक्के! वास्तविक पुरुषाचं ऑपरेशन कितीतरी सोपं. बिनटाक्याच्या नसबंदीला जागेवरची भूल देऊन दहा-पंधरा मिनिटं लागतात, माणूस त्याच दिवशी घरी. पोट उघडावं लागत नाही. इच्छा आणि ताकद जशी होती तशीच राहते. एवढं मात्र ध्यानात ठेवायचं, की त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. नाहीतर दिवस गेले की पुन्हा संशय बाईवरच!

पुरुष इतके का बिचकतात, यालाही इतिहास आहे. आणीबाणीत 1976 साली माणसं धरून धरून नसबंद्या केल्या. आपल्या बार्शीलाही तसं घडलं. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त ऑपरेशनं झाली, त्यातली बहुतेक पुरुषांची. जबरदस्ती चूकच होती. पण त्या धास्तीनं सरकारी शिबिरं पुरुषाला सोडून बाईकडं वळली ती कायमची. पुरुषांवर झालेल्या जुलमाचं ओझं गेली पन्नास वर्षं बायकांनी आपल्या पोटावर वाहिलं, हे कुणी बोलत नाही.

आणि हे बोलणं आपल्या महाराष्ट्राला नवं आहे का? महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यात उघड उत्तरं दिली, म्हणून अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, तरी मासिक चालूच राहिलं. पत्नी मालतीबाई सगळ्या हालअपेष्टांत सोबत होत्या. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस हे छापून लिहू शकला, आणि आपण स्वयंपाकघरात नवऱ्याशी बोलायला घाबरतो!

कुणी म्हणेल, "बोलून दाखवा म्हणावं आमच्या घरी!" खरं आहे. सुनेनं हा विषय काढला तर घरात भांडण पेटतं. म्हणून माझं पहिलं सांगणं सासूबाईंना आहे. सुनेला चौथ्यांदा दवाखान्यात नेण्याआधी लेकाला एकदा न्या. तुमचं तो ऐकतो. दुसरं सांगणं डॉक्टरांना : बाईची महागडी तपासणी लिहिण्याआधी नवऱ्याला बोलावून घ्या. डॉक्टरांचा शब्द घरात मोडला जात नाही. तिसरं, दुसऱ्या लग्नाचा विषय जिथं निघेल तिथं नात्यातल्या चार बायकांनी एकच प्रश्न विचारावा, "त्याचा रिपोर्ट कुठाय?" दुसरी बायको आणून ज्याचा इलाज होत नाही, असा दोष त्याच्यात असेल तर दोन पोरींचं वाटोळं होतं.

आमच्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं किशोरवयीन मुली आणि लहान वयात लग्न झालेल्या सुनांच्या आरोग्यासाठी गावोगाव काम केलं. मुलींना शरीराची ओळख द्यायला आपण आता कुठं शिकतोय. तेवढीच ती मुलग्यांनाही द्यायला हवी, मिसरूड फुटायच्या वयातच. नाहीतर त्यांची शिकवणी तो लॉजवाला वैद्य आणि हातातला मोबाईल घेणारच आहे.

नवऱ्याला तपासणीला नेणं म्हणजे त्याच्यावर आरोप करणं नव्हे. पाय मोडला तर आपण त्याला दवाखान्यात नेतोच ना? हेही तसंच. फाईलवर नावं दोघांची असू द्या.