पुस्तकात नसलेलं गाव



परीक्षा जवळ आली की घराघरांतून एक ठरावीक आवाज ऐकू येऊ लागतो. डोळे मिटून, पुढेमागे डुलत कुणीतरी घोकत असतं : "काळी मृदा, काळी मृदा, बेसॉल्टपासून तयार होते... बेसॉल्टपासून तयार होते..." आणि गंमत अशी की घोकणाऱ्याचे पाय त्या वेळी त्याच काळ्या मातीवर टेकलेले असतात! गणिताला डोकं लागतं, विज्ञानाला प्रयोग लागतात आणि भूगोलाला फक्त पाठांतर, असा एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. आज तो जरा हलवून बघू या.

त्यासाठी मी तुम्हांला एका गावी नेणार आहे. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात शेलूबाजार नावाचं गाव आहे. भूगोलाच्या पुस्तकात हे गाव शोधाल तर सापडायचं नाही. तिथे कुठलं शिखर नाही, बंदर नाही, खाण नाही. म्हणजे 'नकाशा भरा' या प्रश्नात ते कधीच येणार नाही! पण जरा उलटं करून बघा. पुस्तकात शेलूबाजार नाही, हे खरं. पण शेलूबाजारात जवळजवळ सगळं पुस्तक आहे. कसं ते सांगतो.

थेंबाचा प्रवास

समजा, तुम्ही शेलूबाजारच्या शाळेत दहावीत आहात. जुलै महिना आहे, धो धो पाऊस पडतोय आणि कौलांवरची पागोळी अंगणात पडतेय. ते पाणी कुठे जातं? "नालीत," असं तुम्ही म्हणाल. बरं, नालीतून? ओढ्यात. ओढ्यातून? या बाजूचं पाणी अडाण नदीत जातं. अडाण पुढे यवतमाळ जिल्ह्यात शिरते आणि पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की तिचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्र प्रदेशातून थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमच्या अंगणातला थेंब निघाला पूर्वेला!

आता त्याच वाशीम जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका डोंगरावर चला. इथे काटेपूर्णा नदी उगम पावते. ती मात्र उत्तरेकडे तोंड करून अकोला जिल्ह्यात उतरते. महानच्या धरणात तिचं पाणी अडवलंय आणि तेच अकोला शहराच्या नळांना येतं. पुढे काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. आहे की नाही नवल? एकाच जिल्ह्यात, एकाच ढगातून पडलेले दोन थेंब. एक गेला पूर्वेच्या समुद्राला, दुसरा पश्चिमेच्या! मध्ये हिमालयासारखी भिंत वगैरे काही नाही, अजिंठ्याच्या रांगेतले साधेच डोंगर आहेत.

या दोन थेंबांना वेगळं करणारी जी उंच जागा, तिलाच पुस्तकात 'जलविभाजक' म्हणतात. आता मला सांगा, जलविभाजकाची व्याख्या घोकायची गरज उरली का? परीक्षेत हा शब्द आला की डोळ्यांसमोर दोन थेंब आणा आणि आपल्या शब्दांत लिहा.

गावाच्या नावात बाजार का?

दुसरा प्रश्न. गावाचं नाव नुसतं शेलू का नाही? शेलूबाजार का? नकाशा पाहा. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, मालेगाव, मेहकर, जालना असा छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा जुना रस्ता, हे दोन्ही इथे एकमेकांना भेटतात. जिथे रस्ते भेटतात तिथे माणसं थांबतात. माणसं थांबली की चहाची टपरी येते, मग सायकलीचं पंक्चर काढणारा येतो, मग कृषी केंद्र, मग कापडाचं दुकान. मानवी वस्तीच्या पाठात तुम्ही जे वाचता, ते हेच की!

आणि ही गोष्ट अजून संपलेली नाही बरं का. नागपूर ते मुंबई असा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून जातो आणि इथे त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा सुरू होऊन रस्ता पूर्ण झाला. जुना रस्ता जातो गावातून. नवा जातो गावाच्या बाहेरून. जुन्या रस्त्यावरचा ट्रकवाला चौकात चहा प्यायला थांबतो. नव्या रस्त्यावरचा ट्रकवाला भर्रकन निघून जातो. मग नव्या रस्त्याने गावाचा फायदा झाला की तोटा? माल लवकर पोचू लागला का? चौकातल्या दुकानांचं गिऱ्हाईक कमी झालं का? ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांनी पुढे काय केलं?

याची उत्तरं मी देणार नाही! ती कुठल्याच गाइडमध्ये नाहीत. चौकातल्या पाच दुकानदारांना विचारून ती तुम्हांलाच लिहायची आहेत. 2018 साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' आहे. पुष्कळ मुलं तो पाठ बसल्या जागी वाचतात आणि प्रश्नावली कशी तयार करावी याचं उत्तर पाठ करतात. पोहण्याची माहिती पलंगावर पडून वाचण्यासारखंच आहे हे! एक वही, एक पेन्सिल आणि एक रविवार, एवढ्यात क्षेत्रभेट होते.

वावरातून ब्राझीलला

आता त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी तक्रार : "भारत ठीक आहे हो, पण ब्राझील कशाला? आम्हांला काय करायचंय त्याचं?" त्या पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांची शेजारी शेजारी ठेवून तुलना आहे. मुलांना वाटतं, कुठला तो ब्राझील, पृथ्वीच्या पार पलीकडे! चला तर, वावरात जाऊ.

वाशीम जिल्ह्याचं खरिपातलं मुख्य पीक कोणतं? सोयाबीन. जून-जुलैत पेरायचं, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढायचं, मळणी करायची आणि बाजार समितीत न्यायचं. आणि जगात सगळ्यांत जास्त सोयाबीन कोणता देश पिकवतो? ब्राझील! आपल्याकडे काढणी चालू असते तेव्हा तिकडे पेरणी चाललेली असते आणि जानेवारी ते एप्रिलच्या काळात, म्हणजे तुम्ही परीक्षेच्या गडबडीत असता तेव्हा, त्यांचं पीक निघतं. असं उलटं का? कारण ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. पृथ्वीचा आस कललेला आहे, त्यामुळे आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा. झालं की नाही एका 'कारणे लिहा'चं उत्तर!

आता घरातलं बोलणं आठवा. दिवाळीच्या आसपास बाबा म्हणतात, "भाव पडलाय. आत्ता विकावं की थांबावं?" आई म्हणते, "थांबायला पैसा पाहिजे ना हाताशी." या बोलण्यात ब्राझील गुपचूप बसलेला असतो, मित्रांनो. तिकडे पीक भरघोस येणार अशी बातमी आली की जगाच्या बाजारात भाव नरमतो. अर्थात सगळं ब्राझीलवरच ठरतं असं नाही. आपल्याकडे पीक किती आलं, सरकारने खाद्यतेलावर आयातशुल्क किती ठेवलं, पेंडेला मागणी किती, हे सगळं त्यात येतं. पण ज्या देशाचा तुम्हांला कंटाळा येतो, तो तुमच्या घरच्या हिशेबाच्या वहीत आहे, हे विसरू नका.

एवढं जुळलं की बाकीची तुलना आपोआप सोपी होते. सह्याद्री पावसाळी वारे अडवतो, म्हणून कोकणात मुसळधार आणि घाट ओलांडला की पाऊस कमी. तिकडे किनाऱ्याजवळचा उंच कडा समुद्रावरून येणारे वारे अडवतो, म्हणून ईशान्य ब्राझीलचा आतला भाग कोरडा. गोष्ट एकच, नावं वेगळी! आणि घड्याळाचं म्हणाल तर राजधानी ब्राझीलियाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. सकाळी साडेअकराला तुमचा तास चालू असतो, तेव्हा तिथल्या दहावीच्या मुलांची रात्रीची तीनची साखरझोप चाललेली असते.

आता उजळणी

"सगळं पटलं, पण पेपरचं काय?" हो, तेही सांगतो. दहावीला भूगोलाचा पेपर 40 गुणांचा आणि वेळ 2 तास. तयारी तीन सवयींनी करा.

पहिली सवय कोऱ्या नकाशाची. पुस्तक मिटा. कोरा नकाशा घ्या आणि आठवेल तेवढं पेन्सिलने भरा. आठवत नाही म्हणून लगेच पुस्तक उघडू नका. डोकं खाजवा, दोन मिनिटं थांबा. मग पुस्तक उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा नकाशा, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. लाल खुणा कमी कमी होत जातात ते बघायला मोठी मजा येते. नुसता भरलेला नकाशा दहा वेळा पाहण्यापेक्षा कोरा नकाशा तीन वेळा भरणं केव्हाही चांगलं. आणि चिन्हं व सूची विसरू नका!

दुसरी सवय बाणांची साखळी. 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न घोकून सुटत नाही. मधली एक ओळ विसरली की गाडी अडली. त्याऐवजी वहीत बाण काढा : लाव्हारसाचे थर → बेसॉल्ट खडक → झिजून काळी माती → ओलावा धरून ठेवते → कापूस, तूर, सोयाबीन चांगले येतात. प्रत्येक बाणाशी 'म्हणून' हा शब्द मनात म्हणा. 'म्हणून' जुळला नाही, तर समजा की मधली एक कडी निसटलीय.

तिसरी सवय शिकवण्याची. धाकट्या भावंडाला, आजीला किंवा मित्राला एक पाठ पाच मिनिटांत समजावून सांगा. जिथे तुम्ही "ते... म्हणजे... ते आपलं हे" असं करू लागाल, तेवढाच भाग कच्चा आहे. तेवढाच पुन्हा वाचा. वर्गात दोन गट पाडून हेच खेळता येईल. एक गट भारत, दुसरा ब्राझील. एकाने आपल्या देशाबद्दल एक गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिच्यासारखी किंवा तिच्या उलट गोष्ट आपल्या देशातून सांगायची आणि कारण द्यायचं. कारण नाही तर गुण नाही!

या आठवड्याचा उद्योग

सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवा. दुपारी पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बाराला पडेल असं वाटतं ना? पडणार नाही! भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशावरून ठरते. शेलूबाजार आहे साधारण 77 अंशांवर, म्हणजे पाच-सव्वापाच अंश पश्चिमेला. एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे तिथला खरा मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास. पृथ्वी सूर्याभोवती सारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून फेब्रुवारीत ही वेळ आणखी पाव तासाने पुढे जाते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तेवढीच अलीकडे येते. फेब्रुवारीत खडे ठेवणार असाल, तर एक वाजेपर्यंत थांबा. तुम्ही दुसऱ्या गावी राहत असाल, तर तुमच्या गावचा रेखांश नकाशात पाहा आणि गणित आधी मांडा. मग उत्तर सूर्याकडून तपासून घ्या.

आणि जाता जाता आईबाबांना दोन शब्द. "किती पाठ झाले?" असं रोज विचारण्यापेक्षा एखाद्या दिवशी जेवताना विचारा, "आपल्या गावचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला जातं रे?" उत्तर आलं नाही तर रागावू नका; ताट बाजूला सारून दोघं मिळून नकाशा उघडा. शेतातल्या सोयाबीनचा भाव मुलांपासून लपवू नका, त्यांना बाजार समितीत एकदा सोबत न्या. मुलीलाही न्या बरं का, नुसत्या मुलाला नाही.

तुमचं गाव पुस्तकात नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. पुस्तकाला सगळी गावं मावत नाहीत. तुमच्या गावचा पाठ तुम्हीच लिहायचा आहे. त्याची सुरुवात या प्रश्नाने करा : माझं गाव इथेच का वसलं?

पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत काठीची सावली मोजा आणि वही जपून ठेवा!